कण्हणं

आमच्या घरात १९९४ साली एक मूल दीड दिवस जगलं. त्याविषयी आम्ही पंचवीस वर्षं बोललो नाही. म्हणजे त्याच्या आईसमोर बोललो नाही. तिच्या माघारी पुष्कळ बोललो, आणि जे बोललो ते सगळं चुकीचं होतं. हे लिहायला घेतलं ते त्यासाठी.

थोरल्या भाभींचं ते पहिलं बाळंतपण. आठवा महिना नुकताच लागला होता. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात मुलगा झाला. रडला, पण थोड्याच वेळात कण्हायला लागला. श्वास सोडताना प्रत्येक वेळी घशातून बारीक आवाज यायचा, म्हातारी माणसं जिना चढताना करतात तसा. बरगड्यांखाली खळगा पडायचा, नाकपुड्या फुलायच्या. अम्मी कौतुकानं म्हणाल्या, "देखो, बच्चा बातां कर रहा." डॉक्टरांनी ऑक्सिजनची नळी नाकाजवळ ठेवली आणि मोठ्या गावी न्या म्हणून सांगितलं. गाडी आणि पैसे यांची जुळवाजुळव करेपर्यंत दुसरा दिवस मावळला. रात्री कण्हणं थांबलं. आम्हाला वाटलं, उतार पडला. आम्ही चहा प्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा अम्मी दुपट्ट्यानं तोंड झाकून बसल्या होत्या.

मातीच्या वेळी अब्बांनी घाईघाईनं त्याचं नाव ठेवलं. नंतर ते नाव घरात कुणी उच्चारलं नाही. उच्चारली ती दुसरीच वाक्यं. ग्रहणात बाहेर पडली होती. भरलेला हंडा उचलला होता. कुणाची तरी नजर लागली. एका फुफींनी तर भाभींची पावलंच वाईट ठरवली. आम्ही शिकलेसवरलेले, घरात मराठी-उर्दू दोन्ही वर्तमानपत्रं येणारे लोक. आम्ही यांतलं एकही वाक्य खोडून काढलं नाही. दोन वर्षांनी भाभींना मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, धडधाकट. तेव्हा विषय मिटला असं आम्ही धरून चाललो.

त्याच मुलीला, आमच्या पुतणीला, २०१९ साली तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. माहेरी आली होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं काम केलं ते एक इंजेक्शन देण्याचं. बाळाच्या फुप्फुसांसाठी आहे, म्हणाल्या. आईच्या दंडात औषध टोचलं तर पोटातल्या बाळाची फुप्फुसं कशी सुधारतील? आम्हाला ती बनवाबनवी वाटली. बारा तासांच्या अंतरानं चार डोस असतात. तिला तीन मिळाले. मधल्या काळात मूल पोटात असतानाच तिला जिल्ह्याच्या गावी हलवलं. "बाळाला न्यायला आईच्या पोटाइतकी चांगली काचेची पेटी नाही," असं बाई म्हणाल्या होत्या.

मुलगी झाली. वजन १२५० ग्रॅम. आणि काचेपलीकडून आम्ही पाहिलं, तर बरगड्यांखाली तोच खळगा. काचेमुळे आवाज ऐकू येत नव्हता. भाभींना तो पंचवीस वर्षांनी न ऐकताच ऐकू आला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला बसवून जे समजावलं ते आमच्या भाषेत असं. पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्यानं भरलेली असतात. प्राणवायू वारेतून येतो. जन्मल्याबरोबर ते पाणी हटून कोट्यवधी छोट्या फुग्यांत हवा भरायची असते. दुधाची प्लास्टिकची पिशवी धुवून ठेवली की तिच्या ओल्या बाजू एकमेकींना घट्ट चिकटतात. हे फुगे तसेच प्रत्येक श्वास सोडल्यावर चिकटायला बघतात. ते चिकटू नयेत म्हणून फुप्फुसातल्या काही पेशी साबणासारखा एक पदार्थ तयार करतात, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास तो बनायला लागतो, पण पुरेसा होतो चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड. नवा कोरा फुगा फुगवताना पहिल्या फुंकरीला गाल दुखतात ना, तसं मिनिटाला साठ-सत्तर वेळा.

आणि कण्हणं? डॉक्टर म्हणाले, ते दुखण्याचं कण्हणं नव्हे. श्वास सोडताना बाळ आपला कंठ अर्धवट मिटतं. त्यामुळे थोडी हवा आत कोंडून राहते आणि फुगे पुरते मिटत नाहीत. कुणी शिकवलेलं नसताना ते स्वतःला वाचवत असतं. थकलं की कण्हणं थांबतं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. त्या रात्रीचा चहा आठवला.

१९७१ साली अमेरिकेत ग्रेगरी नावाच्या डॉक्टरांनी बाळाची हीच युक्ती उचलली आणि श्वासनळीत सतत थोडा दाब ठेवायची पद्धत काढली. तिला सीपॅप म्हणतात. आमच्या नातीच्या नाकाला लावलेली नळी पुढे जाऊन पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवलेली होती. जितकी खोल बुडवावी तितका दाब जास्त. एवढंच ते यंत्र. बाटलीतून बुडबुड आवाज यायचा. अब्बा म्हणाले, "ये तो हुक्का है." काळजीच्या त्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा हसलो.

तेवढ्यानं भागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी बाहेरून सर्फॅक्टंट द्यायचं ठरलं. एका कुपीची किंमत धाकट्याच्या दुकानाच्या महिन्याच्या कमाईएवढी. डॉक्टरांनी अडखळत आणखी एक गोष्ट सांगितली. हे औषध जनावरांच्या फुप्फुसांतून काढतात, एक गाईचं असतं, एक डुकराचं. तुमची काही हरकत? अब्बा पाचवेळचे नमाजी. त्यांनी क्षणभरही घेतला नाही. "डॉक्टरसाहेब, जे लवकर मिळेल ते द्या. जिवावर बेतल्यावर सवलत आहे आमच्यात." मिळालं ते गाईचं. शेजारच्या पेटीतल्या मुलाच्या घरच्यांनाही डॉक्टरांनी असंच अडखळत विचारलं असेल का, हा विचार आमच्या मनात आला. त्यांचा पोरगाही त्याच कुपीवर वाचला. आम्ही पाच आठवडे एका बाकावर डबा खाल्ला. तो विषय दोन्हीकडून निघाला नाही.

फुजिवारा या जपानी डॉक्टरांनी दहा अर्भकांवर गाईच्या सर्फॅक्टंटचा प्रयोग केला तो १९८० साली. त्याआधी १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी या बाईंनी सिद्ध केलं की अशी बाळं जातात ती फुप्फुसात हा पदार्थ नसल्यामुळे. मधे, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत याच आजारानं गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या हाती तेव्हा उपाय नव्हता. हे आम्ही भाभींना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उस मां कू बी लोगां बोले क्या?"

आम्ही काय उत्तर देणार?

आणि दंडातलं ते इंजेक्शन, ज्याला आम्ही बनवाबनवी समजलो? ते स्टेरॉइड. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स यांना मेंढ्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या कोकरांवर काम करताना त्याचा सुगावा लागला आणि १९७२ साली हॉवी यांच्यासह त्यांनी ते गर्भवती स्त्रियांत सिद्ध केलं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं सरसकट द्यावं म्हणून शिफारस केली ती १९९४ साली. होय, त्याच साली. आपल्या सरकारनं २०१४ मध्ये उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरनाही ते द्यायची मुभा दिली. स्वस्त औषध आहे. भाभींना ते कुणी दिलं नव्हतं. हंडा, ग्रहण आणि नजर यांचा हिशोब मात्र आम्ही चोख ठेवला होता.

अजानचं राहून गेलं होतं. मूल जन्मलं की कानात अजान पडावी. इथं तीन दिवस झाले तरी काच आडवी. चौथ्या दिवशी सिस्टरनी एकाला आत यायची परवानगी दिली. जावयांनी अब्बांना पुढं केलं. सिस्टर त्यांना हात धुवायला शिकवू लागल्या: बोटांच्या बेचक्यातून, मनगट, कोपरापर्यंत. ऐंशी वर्षांचे अब्बा म्हणाले, "बेटी, हे दिवसातून पाच वेळा करतो." सिस्टर म्हणाल्या, "बाबा, आवाज मात्र अगदी हळू. मोठ्या आवाजानं यांचा श्वास चुकतो." मोहल्ल्याच्या मशिदीत वर्षानुवर्षं अजान देणाऱ्या माणसाला हे सांगणं अवघडच. बाहेरून आम्हाला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसले.

बाकीचे दिवस आकड्यांत गेले. ऑक्सिजनचा आकडा शंभर झाला की आम्ही खूश, आणि सिस्टर येऊन हवेतला प्राणवायू कमी करायच्या. आम्ही घाबरून भांडलोसुद्धा. तेव्हा कळलं की अशा बाळांना नव्वद ते पंच्याण्णवच्या दरम्यान ठेवतात. १९४०-५०च्या काळात अतिरेकी ऑक्सिजनमुळे जगभरात हजारो बाळं आंधळी झाली. म्हणून चौथ्या आठवड्यात डोळे तपासून घेतले. श्वास घ्यायचाच विसरायची, त्यावर कॅफिनचे थेंब. चहात असतं तेच.

सहाव्या दिवसापासून आई आणि आजी आळीपाळीनं तिला छातीशी उघड्या अंगाला बांधून बसायच्या. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्यांच्या टंचाईतून ही रीत निघाली. भाभी तासन्‌तास हलायच्या नाहीत. एकदा बाहेर येऊन म्हणाल्या, "त्याला मी धरलंच नव्हतं. टेबलावरच होता तो."

त्या दिवशी धाकट्यानं पहिल्यांदा माफी मागितली. मग आम्ही बाकीच्यांनी. भाभी म्हणाल्या, चहा सांगा.

अडतिसाव्या दिवशी १७०० ग्रॅमची मुलगी घरी आली. अम्मींची तयारी झाली होती: लोबान, ओव्याची धुरी, बाजेखाली शेगडी, नाकात सोडायला कोमट तेल. डॉक्टरांनी चारही बंद केलं होतं. धूर या फुप्फुसांना सोसत नाही आणि नाकातलं तेल थेट छातीत उतरतं. "हमना सब कू ऐसाच बड़ा किए," अम्मी दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच लोबानदान उचलून परसात नेऊन ठेवलं. त्यांनाही ते कण्हणं आठवत असणार.

आता ती शाळेत जाते. पावसाळ्यात छाती घरघरते, मग स्पेसर लावून पंप द्यावा लागतो. पंपाची सवय लागते असं सांगणारी फुफी अजून आहे. तिला आता आम्ही तोंडावर गप्प करतो.

शबे-बरातला आम्ही पुरुषमंडळी कब्रस्तानात जातो. त्या लहान कबरीवरची माती केव्हाच सपाट झाली. कडुलिंबाच्या पूर्वेला, एवढं आठवतं. पण मधे रस्त्यासाठी कडुलिंबच तोडला. अंदाजानं तीन-चार ठिकाणी फुलं ठेवून आम्ही परततो. भाभी दारात उभ्या असतात. आता त्या मुलाचं नाव घेऊन विचारतात, फुलं त्याच्यापर्यंत पोचली का.



आम्ही हो म्हणतो.