ओली मोळी

आमच्या घराच्या सगळ्या तुळया सागाच्या आहेत. पाहुणा आला की वडील काठीने एकेक तुळई वाजवून दाखवीत आणि म्हणत, "मेळघाटचा माल आहे. वाळवी लागायची नाही." परतवाड्यात आमची लाकडाची वखार होती.

इमारती लाकडाचा व्यवहार मोठ्या माणसांचा. त्यातले मला काही कळत नसे. कळे तो जळणाचा. उजाडायच्या आत डोंगराकडच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन येत. वडील मोळी काट्यावर चढवीत, आणि काटा स्थिर होण्यापूर्वीच म्हणत, "ओली आहे." ओली म्हणजे वजनात तूट धरायची. चैत्रातली, उन्हाने तडकलेली मोळीसुद्धा आमच्या वखारीत ओलीच असे. एकदा मी लाकडाला हात लावून म्हटले, "बाबा, ही तर वाळलेली आहे." मोळीवाली हसली. वडील हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी वखारीत जायची मला बंदी झाली. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन.

वडील दुष्ट नव्हते. वारकऱ्याला ते उपाशी जाऊ देत नसत. माझे शिक्षणही त्या वखारीवरच झाले, आणि त्यातली फी किती ओल्या मोळ्यांतून निघाली याचा हिशेब मी पुष्कळ वर्षे टाळला.

वखार मिटून आता जमाना झाला. इकडचा उन्हाळाही पूर्वीचा राहिला नाही. मृग कोरडा जातो आणि काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस कोसळतो. गेल्या दिवाळीआधी पुतण्या म्हणाला, "आत्या, पायविहीरला जाऊ. सीताफळे आणू आणि जंगलही पाहू." जंगल म्हटल्यावर मला हसू आले. मला आठवत होते ते उघडे डोंगर, खुरटी झुडपे आणि बकऱ्या.

पायविहीर परतवाड्याच्या उत्तरेला, मेळघाटच्या पायथ्याशी आहे. वस्ती बहुतेक कोरकूंची. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगल राखण्याचा आणि वाढवण्याचा सामूहिक हक्क मागता येऊ लागला. पायविहीरला तो 2012 साली 193 हेक्टरांवर मिळाला. हाती आली ती बव्हंशी ओसाड जमीन. लोकांनी उतारावर चर खणले, ओघळींत दगड रचले, घाणेरी मुळासकट उपटली, रोपे लावली. 2014 साली त्यांना देशपातळीवरचा जैवविविधता पुरस्कारही मिळाला.

माझ्याच वयाची एक बाई आम्हांला टेकडीवर घेऊन गेली. चढताना धाप मला लागली, तिला नाही. मी रोपांचे कौतुक करू लागले तशी ती म्हणाली, "झाड लावनं सोपं हाय, बाई. बकरी आवरनं कठीन." ती एका बुंध्यापाशी थांबली. कुऱ्हाडीने तोडलेला जुना सागाचा खुंट, आणि त्याच्या कडेने वर गेलेली मनगटाएवढी फांदी. सागाचे असेच असते; वरून मेलेला दिसला तरी मुळे जिवंत असतात. दर वर्षी फुटवा येतो आणि दर वर्षी कोणीतरी तो तोडतो. नवे झाड लावण्याइतकेच जुन्याला छळणे थांबवणे महत्त्वाचे. सीताफळ तगले त्याचेही कारण साधे आहे : त्याच्या पाल्याला बकरी तोंड लावीत नाही. आता तीच फळे निवडून, पेट्या भरून गाव मुंबई-पुण्याला पाठवते.

पुतण्या इंजिनीअर आहे. झाड हवेतला कार्बन लाकडात कसा साठवते, हे त्याने मला समजावून सांगितले. माझा चेहरा पाहून म्हणाला, "आपल्या तुळयांतला कार्बन अजून घरातच आहे, आत्या. आभाळात गेला तो जळणाचा." मला ते समाधान पुरले नाही. 193 हेक्टरांनी जगाचा उन्हाळा काही उतरायचा नाही, हेही मला कळते. पण ज्यांच्या घरी पंखासुद्धा उशिरा आला, त्यांनी राखण करायची आणि आम्ही वातानुकूलित गाडीतून ती पाहायला जायचे, हा व्यवहार मला कुठेतरी ओळखीचा वाटला.

उतरताना बाईने विचारले, "तुमी कोनाच्या घरच्या?" मी आमच्या वखारीचे नाव सांगितले.

"माही माय मोळी घेऊन जाये परतवाड्याले," ती म्हणाली. "कोनती वखार, ते मले नाई ठाऊक."

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात गाव आले.

तिने सीताफळे काट्यावर ठेवली. आकडा दोन किलोवर स्थिर होईपर्यंत ती वाकून पाहत राहिली. मग आणखी एक फळ वर ठेवले. "हे असंच. उद्या पिकन."

मी पाचशेची नोट पुढे केली आणि म्हटले, "राहू द्या सुटे." तिने ऐकले नाही. शेजारच्या घरातून मोड आणली, माझ्या हातावर एकेक नोट मोजली, आणि मीही मोजून घेईपर्यंत तिथेच उभी राहिली.