घाट उतरताना

आमचे आबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर ते कुणाच्याही गाडीत बसले तर मागे बसतात आणि डोळे मिटून घेतात. दुसऱ्याचं ड्रायव्हिंग बघवत नाही, हे त्यांचं कारण. कोल्हापूरहून कन्याकुमारीला गाडीने जाऊ या, असं मी म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "चालवणार कोण?" मी म्हटलं, मी. मग ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, वाकून टायरची झीज पाहिली, स्टेपनीवर अंगठा दाबला. आमच्याकडे याला होकार म्हणतात. या वेळी मात्र ते पुढे, माझ्या शेजारी बसले. आई मात्र आली नाही. "तुम्ही दोघं भांडत जावा," म्हणाली, आणि येताना ब्याडगी मिरची आणायला सांगितली.

बेळगावपर्यंतचा रस्ता आबांच्या मालकीचा. निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर. कुठे वस्तीची गाडी लावायचे, कुठल्या हॉटेलात चालक-वाहकांना चहा निराळा मिळायचा, सगळं तोंडपाठ. चौपदरीकरणात यातलं बरंच गेलं. वळणं सरळ झाली, गावं पुलाखाली राहिली. आबांना त्याचं दुःख फारसं नाही. समोरासमोरच्या धडका कमी झाल्या, एवढं त्यांना पुरे. पण एक गोष्ट ते दोनदा बोलले. दुपदरी रस्त्यावर समोरून येणारा ड्रायव्हर हात वर करायचा. त्या हाताच्या तऱ्हेवरून कळायचं, पुढे झाड पडलंय की तपासणी चाललीय की नुसताच रामराम आहे. आता दुभाजकापलीकडचा माणूस दिसतही नाही. ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाने देशाला वेग दिला, हे खरंच. तो हात मात्र त्याच्या हिशेबात कुणी धरला नसणार.

धारवाडच्या पुढे रस्ता दोघांनाही नवा. पाट्यांवरचं कानडी आम्हाला वाचता येईना, पण आबांचं काही अडलं नाही. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्याचा. जुना चार नंबर आता ४८ कसा झाला, हे मी त्यांना सांगितलं: २०१० साली नवे क्रमांक दिले, उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. "म्हणजे कुणीतरी डोकं लावलंय," म्हणाले. त्यांच्या तोंडून सरकारी कामाची एवढी स्तुती मी प्रथमच ऐकली. बाकी वेळ त्यांचं लक्ष ट्रकांवर. ताडपत्री कशी बांधलीय, माल कुठे कललाय, कुठला ट्रक रिकामा उड्या मारतोय. मी डोंगराकडे बोट दाखवावं आणि त्यांनी म्हणावं, "त्याचा मागचा टायर बघ."

हावेरीच्या पुढे ब्याडगीचा फाटा येतो. मिरची घेतली. रंगाला ब्याडगी आणि ठसक्याला संकेश्वरी, हा आमच्या घरचा चटणीचा कायदा. दोन्ही मिरच्यांची गावं एकाच रस्त्याने जोडलेली आहेत, हे तेव्हा ध्यानात आलं. पुढे दावणगेरे जिल्ह्यात महामार्ग सोडून होदिगेरेला गेलो. १६६४ साली शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले, ते इथे. साधी दगडी समाधी आहे. मुलगा सह्याद्रीत आणि वडील कर्नाटकात, आयुष्याचा मोठा भाग दोघांनी असा लांब राहून काढला. माझ्या मनात हे चाललेलं, तर आबा हात जोडून म्हणाले, "स्वारीवरच गेले म्हणायचे." ड्यूटीवर मरण येणं त्यांच्या लेखी मोठं.

बंगळूर, होसूर, कृष्णगिरी. इथून ४८ नंबर चेन्नईकडे वळतो आणि दक्षिणेला नेतो तो ४४, थेट श्रीनगरहून आलेला. धर्मपुरी ओलांडली की सेलमच्या अलीकडे तोप्पूरचा घाट लागतो. मोठा उतार, आणि अपघातांसाठी बदनाम. उताराची पाटी दिसताच आबा सरळ होऊन बसले.

"चढताना कुठला गिअर टाकला असतास?"

"तिसरा."

"मग उतरताना पण तोच."

एसटीतला हा पहिला धडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे असतात. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात. इंजिनानेच गाडी आवरायची, ब्रेकला अधूनमधून नुसतं शिवायचं. मी तिसरा टाकला. इंजिन गुरगुरलं. डावीकडे आबांचा उजवा पाय पायपुसण्यावर अलगद दाबला जात होता आणि सुटत होता, माझ्या अर्धा क्षण आधी. लहानपणी मला दिसले ते ड्यूटी संपवून आलेले, न बोलता जेवणारे आबा. ड्यूटीवरचे आबा असे असतील, हे मला तोप्पूरला कळलं. पन्नास माणसं मागे झोपलेली असताना हा पाय असाच चालला असेल. घाट संपल्यावर ते "हं" म्हणाले आणि खिडकीची काच खाली केली. शाबासकी म्हणून एवढं पुष्कळ होतं.

मदुराईत देवीचं दर्शन झालं, त्यावर लिहिणारे खूप आहेत. मुप्पंदलच्या पवनचक्क्यांपाशी वारा गाडीला बाजूने ढकलत होता. तिथे त्यांनी वेग कमी करायला लावला. कन्याकुमारीला विवेकानंद स्मारक पाहिलं. १९७० साली ते उभं करणारे एकनाथ रानडे मूळचे अमरावती जिल्ह्यातले, हे ऐकून आबांनी मान डोलावली. पण त्यांची संध्याकाळ गेली बसस्थानकात. तिथल्या एका ड्रायव्हरशी अर्धा तास गप्पा झाल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. हातांनीच स्टेअरिंग, गिअर, चढ, उतार, आणि बहुधा पगार.

आईवडिलांना घेऊन निघणार असाल तर प्रेक्षणीय स्थळांची यादी अर्धीच भरा. आई शेतात राबलेली असेल तर ती कुणाच्या तरी मिरचीच्या रानापाशी गाडी उभी करायला सांगेल, वडील गवंडी असतील तर पुलाखाली जाऊन खांब बघतील. अंधार पडत असला तरी थांबा.