सावंतवाडी : एक स्पर्धा आणि एकशेवीस पत्ते

पूर्वी कुटुंबाचा प्रवास ठरे तो लग्नकार्य, यात्रा किंवा मामाच्या गावची सुट्टी यांच्या निमित्ताने. अलीकडे त्यात एका नव्या निमित्ताची भर पडली आहे. ते म्हणजे मुलांच्या क्रीडास्पर्धा. दुर्दैव एवढेच की, अशा प्रवासात गाव दिसते ते बहुधा सभागृहाच्या खिडकीतून. स्पर्धा संपली की गाडी परतीच्या रस्त्याला लागते आणि गावाचे नाव केवळ प्रमाणपत्रावर उरते. जयसिंगपूरच्या एका कुटुंबाच्या बाबतीतही तसेच घडले असते. पण एका पराभवाने त्यांना गाव दाखवले.

निमित्त होते सावंतवाडीतील मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेचे. सांगली परिसराला या खेळाची मोठी परंपरा आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी सांगलीत तो रुजवला आणि भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांच्यासारख्या राष्ट्रीय विजेत्या याच मातीतून पुढे आल्या. साहजिकच आसपासच्या गावांतील पुष्कळ घरांत पट मांडला जातो. या घरातील अकरा वर्षांची मुलगी तीन वर्षांपासून खेळत होती आणि तिच्यापेक्षाही अधिक मन लावून तिचे वडील तिचा खेळ पाहत होते.

डिसेंबरातील शुक्रवारी दुपारी आई-वडील, आजी, मुलगी आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ असे पाच जण निघाले. आजरा ओलांडल्यावर उसाची शेते मागे पडली आणि झाडी दाट होऊ लागली. आंबोलीत गाडीच्या काचा मिटाव्या लागल्या, इतका गारवा होता. घाट उतरताच हवा पुन्हा दमट व उबदार झाली. माडांची गर्दी आणि जांभ्या दगडाची घरे दिसू लागली. या साऱ्या वाटेवर वडील मुलीला सुरुवातीच्या चाली विचारत होते आणि ती डोळे मिटून उत्तरे देत होती.

शनिवारी सकाळी तीन फेऱ्या होत्या. मुलगी तिन्ही हरली. तिसरा डाव तर हातातला होता. घाईने वजीर हलवला आणि दोन चालींत मात झाली. सभागृहाबाहेर येताच वडिलांनी चालींची नोंद असलेला कागद उघडला. "विसाव्या चालीला वजीर का हलवलास? घोडा दिसला नाही का?" मुलगी काही बोलली नाही. जेवणाच्या टेबलावर काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळी तशीच निवत राहिली. शेवटी ती एवढेच म्हणाली, "पप्पा, उद्या मी खेळणार नाही."

वडील काही बोलणार, तोच आजी उठल्या. "आता तो कागद घडी करून खिशात ठेव बघू. एवढ्या लांब आलोय, तर राजवाडा तरी पाहू."

सावंतवाडीचे जुने नाव सुंदरवाडी. गावाच्या मध्यावर मोती तलाव आहे आणि त्याच्या काठाशी सावंत-भोसले घराण्याचा राजवाडा. तलावाभोवती बांधलेल्या काठावर संध्याकाळी अर्धे गाव फिरायला येते. जवळच चितार आळी. चितारी म्हणजे चित्रे रंगवणारे कारागीर. त्यांच्यावरूनच या आळीला नाव पडले. दुकानांत लाकडी आंबे, केळी, फणस, सीताफळे मांडलेली असतात. लहानग्याने त्यातील एक केळे सोलून पाहण्याचा प्रयत्न केला, तेव्हा दुकानदारासह सर्वांना हसू आले. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड, लाखेचे रंग आणि भातुकलीची चिमुकली भांडी यांसाठी ही आळी महाराष्ट्रभर ओळखली जाते.

मात्र या गावाचा खरा ठेवा राजवाड्यातील दरबार दालनात पाहायला मिळाला. तेथे काही कारागीर खाली बसून हाताच्या पंज्यात मावतील अशा गोल चकत्या रंगवत होते. हे गंजिफाचे पत्ते. फारसीत गंज म्हणजे खजिना. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन याला हे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आईने अकबरीत अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या, एकशे चव्वेचाळीस पत्त्यांच्या जोडाचे वर्णन येते. दरबारातून हा खेळ देशभर पसरला आणि जेथे गेला तेथे त्याने तेथील रूप घेतले. सावंतवाडीत प्रामुख्याने रुजली ती दशावतारी गंजिफा : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, एकूण एकशेवीस. मत्स्याच्या रंगात जितका आकडा तितके मासे, परशुरामाच्या रंगात तितके परशू. अक्षरओळख नसलेल्यालाही पत्ता वाचता यावा, अशी ही योजना.

पूर्वी कापडाला किंवा कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून ते सुकवत, गुळगुळीत दगडाने घोटत, मग गोल कापून रंगवत आणि लाखेचा हात देत. छापील पत्ते स्वस्त झाले आणि हा व्यवसाय बसला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावात ही कला जाणणारे हात जवळजवळ उरले नव्हते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती समजून घेतली, स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला पुन्हा उभे केले. आज दालनात दिसणाऱ्या कुंचल्यांमागे हा इतिहास आहे.

मुलगी एका कारागीर बाईंच्या शेजारी जाऊन बसली. बाईंच्या हातात प्रधानाचा पत्ता होता. जमिनीचा रंग भरून झाला होता, घोडाही रंगवून झाला होता. आता सर्वांत बारीक कुंचल्याने लगामाची रेघ ओढायची होती. रेघ ओढताना कुंचला जरा सरकला आणि घोड्याच्या मानेवर पिवळा ठिपका पडला. मुलीने श्वास रोखला. बाईंनी मात्र तो पत्ता शांतपणे बाजूला ठेवला आणि दुसरा हातात घेतला.

"काकू, पुसत का नाही तुम्ही?"

"ओला असताना पुसायला गेलं ना बाय, की डाग पसरतो. मग सगळाच पत्ता जातो. वाळू द्यायचं. वाळला की वरून नीट रंगवता येतो."

वडील मागेच उभे होते. त्यांचा हात खिशातील कागदावर होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

पत्त्यांचा पूर्ण जोड हाताने रंगवलेला, त्यामुळे त्याची किंमत ऐकून वडील क्षणभर थांबले. बाईंनी सांगितले की बरेच लोक तो चौकटीत लावून भिंतीवर टांगण्यासाठी नेतात. खेळण्यासाठी नेणारे विरळा. "खेळायचं कसं, हे विचारणारंच कुणी येत नाही," त्या म्हणाल्या. आजींनी लगेच विचारले, "मग सांगा ना आम्हाला." आणि बाईंनी कुंचला खाली ठेवून सांगितले. जोड घेतला गेला, तो या उत्तरामुळे.

रात्री लॉजच्या खोलीत चादर अंथरून डाव मांडला. खेळ तिघांचा; प्रत्येकी चाळीस पत्ते. आजी, वडील आणि मुलगी बसले; आई लहानग्याला झोपवता झोपवता पाहत राहिली. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो. रात्री खेळताना कृष्णाचा. त्या रात्री कृष्णाचा राजा आजींकडे निघाला. खरी गंमत आकड्यांची होती. राजा आणि प्रधान सर्वत्र वरचढ. पण दहापैकी पाच रंगांत दहा मोठा आणि एक लहान, तर उरलेल्या पाच रंगांत एक मोठा आणि दहा सर्वांत लहान. आयुष्यभर दश्शीच्या खाली दुरी धरणाऱ्या वडिलांना हे काही केल्या लक्षात राहीना. त्यांनी ऐटीने दहा टाकावा आणि मुलीने एक टाकून हात उचलावा, असे तीनदा झाले. चौथ्या वेळी त्यांनी पत्ता टाकण्याआधी तिलाच विचारले, "यात मोठा कोण गं?" दिवसभरात मुलगी प्रथमच मोठ्याने हसली. वडील सपशेल हरले. त्यांची चूक कोणीही मोजून दाखवली नाही.

दिवा मालवताना ती म्हणाली, "पप्पा, सकाळी साडेआठला पोहोचायचंय ना?"

रविवारच्या तीन फेऱ्यांपैकी पहिली ती हरली, दुसरी बरोबरीत सुटली आणि शेवटची तिने जिंकली. सहा फेऱ्यांत दीड गुण. बक्षिसाच्या यादीत नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. मिळाले ते सहभागाचे प्रमाणपत्र. ते तिने पत्त्यांच्या रंगीत लाकडी पेटीखाली, सरळ राहील असे ठेवले.

गंजिफासारख्या कलेविषयी आपण हळहळतो, प्रदर्शनात तिचे कौतुक करतो आणि तिला काचेआड ठेवतो. परंतु पत्ता मुळात भिंतीसाठी घडलेला नाही; तो हातात फिरावा म्हणून गोल आहे. राजवाड्याने चित्र वाचवले; खेळ वाचवायचा तर तो घराघरांत चादरीवर मांडला गेला पाहिजे. सावंतवाडीला जाणाऱ्यांनी कारागिराकडून पत्ते तर घ्यावेतच, पण नियमही विचारून घ्यावेत.

परतीच्या वाटेवर आंबोलीत चहासाठी गाडी थांबली. धुके उतरत होते. वडिलांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, पण उघडला नाही. मुलीकडे पाहत त्यांनी हळूच विचारले, "वाळला का गं?"

मुलीने कपातील शेवटचा घोट घेतला. कागद त्यांच्या हातातून स्वतःच घेऊन तिने बाकावर पसरला आणि विसाव्या चालीवर बोट ठेवले. "इथे," ती म्हणाली, "मी घोडा पाहिलाच नव्हता."