खरखर

मला लहानपणापासून रेडिओचे वेड आहे. पण माझा रेडिओ नुसता ऐकण्याचा नाही. त्यावरून बोलताही येते. याला हौशी रेडिओ म्हणतात आणि तो चालवणाऱ्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झाली की ही परीक्षा देता येते.

हा केवळ करमणुकीचा छंद नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी भागात मोठा भूकंप झाला. तेव्हा हौशी रेडिओचालकांनी तेथे जाऊन संदेश पोहोचवण्याचे काम केले. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. त्या लोकांविषयी ऐकले आणि मीही परीक्षा दिली. संकटात सापडलेल्या माणसाचा आवाज कितीही क्षीण असला, तरी तो कोणाला तरी ऐकू आला पाहिजे, असे मला वाटे.

२००९ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे रेडिओ लावला. केरळातील एक मित्र दर रविवारी माझ्याशी बोलत असे. त्या दिवशी त्याचा आवाज आलाच नाही. नुसती घर्रर्र अशी खरखर! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. वीज गेली की खरखर एकदम थांबे आणि वीज आली की पुन्हा सुरू होई. म्हणजे दोष विजेच्याच कोणत्यातरी वस्तूत होता.

आमच्या घरासमोर पिठाची गिरणी होती. तिची मोटर जुनी होती. माझा संशय तिच्यावरच गेला. मी तडक गिरणीत गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, “चाचा, तुमच्या मोटरमुळे माझा रेडिओ बंद पडलाय. ती दुरुस्त करा, नाहीतर मी तक्रार करीन.”

चाचा रागावले नाहीत. त्यांनी हात झटकले, गिरणी बंद केली आणि म्हणाले, “जा बेटा, आता ऐकून ये.”

मी धावत गच्चीवर गेलो. खरखर तशीच चालू होती! मी मान खाली घालून परत आलो. चाचांनी एवढेच विचारले, “आधी स्वतःच्या घरात शोधलंस का?”

मी शोधले नव्हते.

त्या रात्री मी घरातला मेन स्विच बंद केला आणि रेडिओ बॅटरीवर लावला. खरखर थांबली नाही. माझे घर निर्दोष ठरले. मग मी एका वहीत रोजची वेळ आणि हवामान लिहू लागलो. आठवड्याने एक गोष्ट लक्षात आली. कडक उन्हात खरखर वाढे आणि वळवाचा पाऊस पडला की ती नाहीशी होई. मोटर पावसाने गप्प बसत नाही. दोष बाहेर, उघड्यावर होता.

मी खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन विजेच्या तारांखालून निघालो. चाचा बॅटरी घेऊन सोबत आले. पण ट्रान्झिस्टरने आम्हांला चकवले. कमी वारंवारतेची खरखर तारांवरून दूरवर जाते, त्यामुळे ती जवळजवळ प्रत्येक खांबाखाली ऐकू येई. जास्त वारंवारतेवर मात्र ती उगमापासून फार दूर पोहोचत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी १४४ मेगाहर्ट्झवर ऐकू शकणारा छोटा रेडिओ घेतला. त्याला तीन कांड्यांचा अँटेना जोडला. अँटेना ज्या दिशेला वळवल्यावर आवाज सर्वांत मोठा येई, त्या दिशेने आम्ही चालत राहिलो. शेवटी शाळेच्या वाटेवरील एका खांबाजवळ आलो. त्याच्या पुढे गेलो की आवाज मागून येई!

उत्साहाच्या भरात मी दगड उचलला. खांबावर ठोकून खरखर बदलते का, हे मला पाहायचे होते. चाचांनी माझा हात घट्ट धरला. “वर अकरा हजार व्होल्ट आहेत. सैल झालेली तार डोक्यावर पडली तर?” मी दगड खाली टाकला.

मी खांबाचा क्रमांक टिपला आणि वहीतील नोंदींसह वीज कार्यालयात अर्ज दिला. काही दिवसांनी वायरमन आले. त्यांनी लाइन बंद केली आणि ते खांबावर चढले. चिनी मातीच्या इन्सुलेटरला मुख्य तार बांधणारी बारीक तार सैल झाली होती. तिथल्या केसाएवढ्या फटीत ठिणग्या उडत होत्या. आपली वीज सेकंदाला ५० वेळा ये-जा करते. प्रत्येक वेळी तिचा दाब दोनदा टोकाला जातो. त्यामुळे सेकंदाला १०० वेळा ठिणग्यांचा झोत उठत होता. तीच माझी खरखर! पावसात ती फट ओली होई आणि ठिणग्या थांबत.

वायरमन खाली उतरून म्हणाले, “बरं झालं कळवलंत. झिजून झिजून तार सुटली असती.” त्याच खांबाखालून रोज शाळेतली मुले जात. ज्या खरखरीवर मी महिनाभर चिडलो होतो, ती खरे तर धोक्याची सूचना होती.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेलो आणि पुन्हा गिऱ्हाइकांसमोरच म्हणालो, “चाचा, चूक माझी होती. मला माफ करा.” चाचा हसले.

रविवारी मी त्यांना गच्चीवर बोलावले. रेडिओ लावला. खरखर नव्हती. केरळच्या मित्राचा आवाज स्वच्छ आला. त्याने विचारले, “इतके दिवस कुठे होतास?”

मी चाचांकडे पाहिले आणि म्हणालो, “दोष शोधत होतो. चुकीच्या ठिकाणी.”