सेट मोडायचा नाही

११ जून

सदाशिव पेठेत एका निवृत्त हिशेबनिसांकडे गांधी शताब्दीचा १९६९चा प्रूफ सेट बघितला. चार नाणी आहेत. दहा रुपये चांदीचे, वजन पंधरा ग्रॅम, त्यात ऐंशी टक्के चांदी. रुपया आणि आठ आणे निकेलचे, वीस पैसे ॲल्युमिनियम-ब्राँझचे. चारही नाण्यांवर गांधीजींची तीच बाजूने घेतलेली छबी आणि १८६९–१९४८. शताब्दीचं वर्ष कुठेच नाही, त्यामुळे नवखे लोक हे १९४८चं नाणं समजतात आणि भलतीच स्वप्नं बघतात. मुंबईच्या प्रूफचा बारीक 'बी' भिंगातून दिसला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्या आजोबांची अट एकच: "सेट म्हणून घेतलाय, सेट म्हणूनच जाऊ दे. मुलगा म्हणतो, चांदीचं तेवढं विका आणि बाकीची पोरांना द्या. ते मला नको." मी शब्द दिला आणि सेट विक्रीसाठी घेतला.

१२ जून

सकाळपासून तपासणी. टेबलावर स्वच्छ टॉवेल, एकच पिवळा दिवा, पाचपट भिंग. नाणं फक्त कडेला धरायचं आणि उजेडात सावकाश कलतं करायचं. ट्यूबलाइटखाली सगळीच प्रूफ नाणी सुंदर दिसतात.

प्रूफ ही नाण्याची स्थिती आहे, असं निम्मे लोक धरून चालतात. तसं नाही, ती घडवण्याची रीत आहे. चकती आधी घासूनपुसून लखलखीत करतात, ठशाची सपाट बाजू आरशासारखी घोटतात, चित्राचा भाग मात्र मुद्दाम खरखरीत ठेवतात. मग रोजच्या नाण्यांपेक्षा कमी वेगाने, जास्त दाबाने, एकापेक्षा जास्त वेळा ठोकतात. म्हणून पार्श्वभूमी काळी-चकचकीत दिसते आणि चेहरा दुधी. ठसा जितका जास्त चालेल तितका तो दुधीपणा झिजत जातो. एकाच वर्षाच्या दोन सेटांत फरक असतो तो यामुळेही. प्रूफ नाणं खिशात घालून महिनाभर फिरवलं तरी ते प्रूफच, फक्त खराब झालेलं. उलट न वापरलेलं साधं नाणं, ज्याला बाजारात यूएनसी म्हणतात, कितीही कोरं असलं तरी प्रूफ होत नाही. वापरलेलं नाणं पॉलिश करून प्रूफ म्हणून खपवणारे आहेत. त्यांचं चित्र कडांना गोलसर झालेलं असतं, अक्षरांचे कोपरे मऊ पडलेले असतात. अस्सल प्रूफची किनार काटकोनात उभी राहते, बोटाला जवळजवळ टोचते.

आजोबांचं दहाचं नाणं फारच देखणं आहे. कपाळापाशी दोन हेअरलाइन, म्हणजे केसासारख्या बारीक रेषा, त्याही कलतं केल्यावरच दिसतात. कुणीतरी कधीतरी मऊ फडक्याने पुसलं असणार. प्रूफला फडकं लावायचंच नाही, मलमलसुद्धा नाही. रुपया उत्तम. आठ आण्यांवर पुसट धुकट थर. वीस पैशांवर मात्र तपकिरी डाग, किनारीजवळ.

२७ जून

पाऊस लागला. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या. एका गिऱ्हाइकाने दिलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातली नाणी आज हिरवट, चिकट निघाली. हे पीव्हीसीचं काम. धातूला ते हळूहळू खात जातं आणि मग डाग कायमचा बसतो. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढली, घासली नाहीत, आपोआप वाळू दिली. निम्मी वाचली.

९ जुलै

खराडीहून एक तरुण आला. हुशार मुलगा, वाचून आलेला. "काका, दहाचं नाणं अमेरिकेला ग्रेडिंगला पाठवा. पीएफ सदुसष्ट आलं तर सगळ्या सेटपेक्षा जास्त मिळेल. बाकीची तीन सुटी विका."

त्याचा हिशेब चुकीचा नाही. म्हणूनच मनाला लागला. पीएफ म्हणजे प्रूफ, आणि ही ग्रेडची पट्टी सत्तर आकड्यांची आहे. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी ती आखली, आणि सत्तर अंकाचं नाणं एक अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं, अशी सरळ कल्पना होती. ते गणित केव्हाच मोडलं, पट्टी राहिली. आज वरच्या टोकाला एका अंकाने भाव दुप्पट होताना मी बघितला आहे, आणि तो अंक कपाळावरच्या दोन रेषांवर ठरतो.

मी स्लॅबच्या, म्हणजे ग्रेड देऊन नाणं डबीत बंद करण्याच्या, विरोधात नाही. १९५०चा सात नाण्यांचा सेट हाती आला, रुपयापासून एका पैशापर्यंतचा, तर मी स्वतःच तो तपासणीला धाडीन. तिथे नकलीची भीती खरी आहे आणि बंद डबीतलं नाणं ओलाव्यापासूनही वाचतं. पण गांधी सेटमधलं चांदीचं नाणं काढून घेतलं की उरलेली तीन अनाथ होतात. आठ आणे सुटे कोण विचारतो? डाग पडलेले वीस पैसे कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये जाऊन बसतात. टांकसाळीने चार नाण्यांचं कुटुंब एकत्र बसवलं होतं, गरिबाच्या हातातलं वीस पैशांचं नाणंही त्याच निगुतीने ठोकलं होतं. गांधीजींच्या नावाच्या सेटमध्ये तर ते वेगळं काढणं मला सहनच होत नाही. दरवर्षी असे सेट मोडले जातात, आणि एकदा मोडलेला सेट पुन्हा जुळवता येतो खरा, पण ती चार नाणी एकत्र वाढलेली नसतात; डागांची छटासुद्धा जुळत नाही.

त्याला नाही म्हटलं. चहा पिऊन गेला, जरा नाराज.

२ ऑगस्ट

मुंबईत काम होतं, फोर्टमध्ये टांकसाळीसमोरून चालत गेलो. १८२९पासूनची ही टांकसाळ. पूर्वी इथून प्रूफवर 'बी' यायचा, १९९६पासून 'एम'. चलनी नाण्यांवर मात्र वर्षाखालचा हिरा कायम. संग्राहकांसाठी ब्रिटिशकालीन नाण्यांचे जुने ठसे वापरून पुन्हा नाणी काढून देण्याचीही इथे पद्धत होती, ती १९७० मध्ये बंद झाली. त्या नाण्यांबद्दल आजही वाद होतात. चिठ्ठीवर 'रिस्ट्राइक' असं स्पष्ट लिहिलं, तर त्यांची किंमत कमी होते. न लिहिलं, तर विकणाऱ्याची.

१९ ऑगस्ट

चांदी चढली आहे. एका सराफाने तोळ्याच्या भावाने जुने शंभरचे प्रूफ मागितले. अशा मोठ्या स्मृतिनाण्यांचं वजन बहुधा पस्तीस ग्रॅम असायचं, त्यात चांदी पन्नास टक्के, तांबं चाळीस, निकेल आणि जस्त पाच-पाच. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. बृहदीश्वर मंदिराच्या हजार वर्षांसाठी निघालेलं हजार रुपयांचं नाणं तेवढ्याच वजनाचं, पण ऐंशी टक्क्यांचं, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. वितळवणाऱ्याला हाच एक हिशेब दिसतो. सराफाला सांगितलं, २०११च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणं वितळवणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी दिलं नसतं. पेटी, माहितीचा कागद आणि टांकसाळीची बांधणी यांचं वजन कोणत्याही तराजूवर येत नाही.

६ सप्टेंबर

साताऱ्याच्या एक इतिहासाच्या शिक्षिका आल्या. त्यांना सेट शाळेत मुलांना दाखवायला हवा आहे. तरुणाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी देतात, पण चारही नाणी एका चौकटीत ठेवणार आहेत. मी कॅप्सूलच्या चार डब्या आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी माझ्याकडून दिली, आणि उन्हात ठेवू नका, बोटं लावू देऊ नका, रबराच्या पॅडजवळ नको, हे दोनदा बजावलं. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

बिलावर असं लिहिलं: दहा रुपये, कपाळापाशी दोन हेअरलाइन; रुपया, निर्दोष; पन्नास पैसे, हलका धुकट थर; वीस पैसे, किनारीला तपकिरी डाग, मुळातलाच, साफ केलेला नाही. मूळ पेटी आहे, एक बिजागरी सैल.

संध्याकाळी आजोबांना फोन केला. त्यांनी भावाबद्दल काही विचारलं नाही. "वीस पैशांच्या डागाचं सांगितलंत ना त्यांना?" मी बिल वाचून दाखवलं, बिजागरीपर्यंत. सोमवारी पैसे घेऊन जातो.