आधी खुंट्या पाहा

जुना पियानो दुरुस्त करावा का, असं विचारणारी माणसं बहुतेक वेळा आधी त्याच्या रूपाबद्दल बोलतात. अक्रोडाचं लाकूड, समोरच्या पितळी मेणबत्तीदाण्या, पिवळसर झालेल्या हस्तिदंती पट्ट्या. मुंबईतल्या जुन्या पारशी, गोवन, ईस्ट इंडियन घरांतले असे पियानो मी आवडीने पाहतो. पण निर्णय घ्यायचा तर वरचं झाकण उघडून खुंट्या पाहाव्या लागतात.

पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. बहुतेक सुरांना तीन-तीन, खर्जाकडे दोन, अगदी तळाला एकच. या सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो पेलतो बिडाचा सांगाडा. त्यालाच तडा गेला असेल, तर मी तिथेच नको म्हणतो. तारेला सुरात धरून ठेवते ती मात्र लाकडात ठोकलेली पोलादी खुंटी. ज्या लाकडात ती बसते, तो पिनब्लॉक. आपल्या हवेत हे लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोरड्या दिवसांत आकसतं आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत खुंटीवरची पकड सोडतं.

मी किल्ली लावून खुंटी केसभर फिरवतो. चांगली खुंटी मनगटाला जोर लावायला लावते आणि सोडली तिथेच थांबते. सैल खुंटी किल्ली सोडताच मागे सरकते आणि तार डोळ्यांदेखत उतरते. अशा चार-दोनच असतील, तर जरा जाड खुंट्या ठोकून काम भागतं. सगळ्याच सैल असतील, तर पिनब्लॉक बदलायचा, म्हणजे एकूण एक तार उतरवून सांगाडा बाहेर काढायचा. साध्या उभ्या पियानोसाठी हा खर्च करा, असं मी कुणालाही सांगत नाही.

उलट, ज्या गोष्टींना लोक घाबरतात त्यांतल्या बऱ्याच दुरुस्त होतात. दमटपणाने अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या करता येतात. कसरीने खाल्लेला नमदा बदलता येतो. हातोड्यांच्या टोकांवर तारांचे चरे पडलेले असतात. पॉलिशपेपरने वरचा थर हळूहळू उतरवला की आवाजाचा कर्कशपणा जातो. साउंडबोर्डला, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला, चीर असली, तरी तिच्या मागच्या आधाराच्या पट्ट्या घट्ट चिकटलेल्या असतील तर पियानो वाजतो. वाळवी लागली असेल, तर ती कुठवर पोचली आहे ते ठोकून पाहावं लागतं.

सूर फार उतरला असेल, तर तो एका बैठकीत ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर चढवू नये. जुनी तार तुटू शकते. टप्प्याटप्प्याने चढवावा.

शेवटी मी विचारतो, वाजवणार कोण? आजीची आठवण म्हणून तो दिवाणखान्यात ठेवायचा असेल, तर साफसफाई करून ठेवा. मोठा खर्च करू नका. पण घरात मूल शिकत असेल, तर सूर न धरणारा पियानो त्याला देऊ नका. वाद्य बेसूर असेल तर नव्या कानाला तोच सूर खरा वाटू लागतो. खुंट्या घट्ट असतील आणि वाजवणारं कुणी असेल, तर जुना पियानो जरूर दुरुस्त करा. आणि विकत घेणार असाल, तर पैसे देण्याआधी ट्यूनरला सोबत घेऊन जा.