वाईची वाट आणि रुसलेली गाडी

पुण्याहून वाई फार दूर नाहीं. कात्रजचा बोगदा मागें टाकून दक्षिणेस लागलें, कीं शंभर किलोमीटरांच्या आंतच कृष्णामाईचें पाणी दृष्टीस पडतें. हल्लींच्या रुंद रस्त्यानें हें अंतर दोन-अडीच तासांत तोडणारे पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र फेब्रुवारी २०१९ मध्यें तेवढ्याच वाटेला साडेचार तास लागले. ती हकीकत वाचकांस सांगावी असें वाटतें, याचें कारण तींत कांहीं मोठा अपघात किंवा पराक्रम घडला हें नव्हे. माझ्या हातून एक लहानशी लपवालपवी झाली आणि तिचा हिशेब मला वाटेंतच चुकता करावा लागला, हें तें कारण होय.

आमचें घराणें मूळचें वाईचें. वडिलांनीं नोकरीनिमित्त पुण्यास बिऱ्हाड केलें, पुढें वाईचें घरही विकलें गेलें. परंतु आमच्या आत्याबाईंचें मन त्या घाटावरून कधीं उठलें नाहीं. वाईंत कृष्णेला सात घाट आहेत, आणि माघांत कृष्णाबाईचे उत्सव सुरू झाले म्हणजे एकेका आळीची पाळी येत जाते. आत्याबाईंनीं त्र्याऐंशीव्या वर्षीं एकच मागणें मागितलें, “एकदां कृष्णाबाईची ओटी भरून येऊं द्या रे. पुढचा माघ कोणीं पाहिला आहे?” गुडघ्यांमुळें त्यांना एस्. टी. ची पायरी चढवत नव्हती. तेव्हां त्यांना घरच्या गाडीनें न्यावयाचें ठरलें, आणि गाडी हांकण्याचें काम अर्थातच माझ्याकडे आलें.

गाडी दहा-अकरा वर्षांची होती आणि तिच्या क्लचची तबकडी झिजली होती. चढावर यंत्र गर्जना करी, पण चाकांना त्या मानानें वेग येत नसे. म्हणून ती दुरुस्तीस दिली. गिअरचा डबा उतरवून नवी तबकडी बसवावयाची, हें काम सावकाशीचें असतें. “उद्यां दुपारपर्यंत राहूं द्या, चालवून बघतों आणि देतों,” असें गॅरेजवाल्यानें स्पष्ट सांगितलें होतें. परंतु उत्सवाचा दिवस ठरलेला असल्यामुळें मीं हट्ट धरला आणि आदल्या रात्रीं आठ वाजतां गाडी घरीं आणली.

घरीं येईपर्यंतच दोन ठिकाणीं पहिला गिअर पडावयास नाराज दिसला. वाड्याच्या बोळांत गाडी मागें घेतांना रिव्हर्स गिअरनें असा कांहीं कर्रकर्र आवाज केला, कीं माडीवरून दादांनीं विचारलें, “आवाज कसला रे?” मीं उत्तर दिलें, “क्लच नवा आहे, दोन दिवसांत बसेल.” दादा म्हणाले, “काम केलेली गाडी आधीं दोन दिवस गांवांत फिरवावी, मग लांब काढावी.” मी हंसलों. पहिल्या गिअरची गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाहीं.

सकाळीं सहा वाजतां आम्ही निघालों. पुढें आत्याबाई, मांडीवर खण-नारळाची पिशवी. मागें वहिनी आणि बारा वर्षांचा पुतण्या. कात्रज ओलांडतांना पूर्वेकडे तांबडें फुटत होतें. आत्याबाई उल्हासांत होत्या. एकदां गाडी धांवूं लागली म्हणजे गिअर वरचेवर बदलावे लागत नाहींत, म्हणून माझेंही मन निवळलें. पण खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडी थांबवून पुन्हां पुढें घ्यावी म्हणतों, तों पहिला गिअर पडेना. दांडा दाबावा, तर तो भिंतीला टेकल्यासारखा परत येई. मागून भोंग्यांचा गजर सुरू झाला. क्लचचें पायटें मीं दोन-तीनदां भराभर दाबलें, तेव्हां कुठें गिअर पडला. वहिनींनीं “काय झालें?” म्हणून विचारलें. मीं “कांहीं नाहीं” म्हटलें. हें माझें दुसरें असत्य.

नीरेचा पूल ओलांडला कीं पुणें जिल्हा संपून सातारा लागतो. शिरवळ, खंडाळा गेलें आणि समोर खंबाटकीचा डोंगर उभा राहिला. साताऱ्याकडून पुण्यास येणाऱ्यांना तेव्हां बोगदा होता. जाणाऱ्यांना मात्र जुना घाटच चढावा लागे. अर्ध्या चढावर एक मालमोटार बंद पडली होती आणि तिच्यामागें वाहनांची रांग लागली होती. ऐन उतारावर आम्हीही थांबलों. आतां गिअर मुळींच पडेना. पायटें कितीही दाबलें तरी तें पायाखालीं स्पंजासारखें मऊ लागे. हाताचा ब्रेक ओढला तरी गाडी बोटभर मागें सरली, तेव्हां माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. मागें एक भरलेली मोटार होती, आणि माझ्या शेजारीं त्र्याऐंशी वर्षांचें माणूस बसलें होतें.

पुतण्या खालीं उतरला आणि त्यानें मागच्या चाकाखालीं दगड लावला. मीं यंत्र बंद केलें व सहज दांडा हलवून पाहिला. तर काय आश्चर्य! पहिला, दुसरा, रिव्हर्स, सगळे गिअर लोण्यांत सुरी जावी तसे पडूं लागले. यंत्र चालू केलें कीं पुन्हां तोच हट्ट. शेवटीं गिअर आधींच पाडून ठेवला, क्लच दाबला आणि मग किल्ली फिरविली. गाडीनें एक हिसका दिला आणि ती चालूं लागली. पुतण्या धांवत येऊन आंत बसला. माथ्यावर पोंचेपर्यंत मी कोठेंही थांबलों नाहीं. घाट उतरून सुरूरला वाईचा फांटा घेतला, तेव्हां आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, “काल रात्रीं बोळांत जो आवाज झाला, तोच ना हा?” मीं मान डोलावली. त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

साडेदहाला वाईस पोंचलों. आत्याबाईंना व वहिनींना घाटापाशीं उतरविलें. दुपारच्या आरतीस अजून अवकाश होता. पुतण्याला घेऊन मी मिस्त्रीच्या शोधांत निघालों. रस्त्याच्या कडेस पत्र्याच्या छपराखालीं साठीचे एक गृहस्थ लेंकराच्या सायकलीची साखळी चढवीत बसले होते. त्यांनीं माझें सगळें गाऱ्हाणें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न केला, “यंत्र बंद असतांना गिअर पडतात?” “पडतात,” मीं म्हणालों. “मग गिअरच्या डब्याचें कांहीं बिघडलें नाहीं. क्लच पुरता सुटत नाहीं.”

मग त्यांनीं जें समजावून सांगितलें, तें गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक घरानें ऐकण्याजोगें आहे. यंत्र सारखें फिरत असतें. गिअर बदलतांना त्याचा आणि डब्याचा संबंध क्षणभर तोडावा लागतो; तें काम क्लचचें. पायटें दाबलें, कीं नळींतील द्रव पुढें रेटला जातो, त्याच्या जोरानें दाबतबकडी मागें सरते आणि क्लचची तबकडी मोकळी होते. हा द्रव म्हणजे ब्रेकमध्यें घालतात तोच. द्रव दाबला तरी आकसत नाहीं, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोंचतो. परंतु नळींत हवा शिरली तर ती आकसते, आणि पायाचा अर्धा जोर त्या हवेचा फुगा दाबण्यांतच जातो. तबकडी अर्धवट चिकटून राहते, डब्यांतील दांडा फिरतच राहतो आणि गिअर पडत नाहीं. पुढच्या गिअरांना दोन चाकांचा वेग जुळवून घेणारीं कडीं असतात. ही युक्ति १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाड्यांत प्रथम आली. रिव्हर्सला ती सोय बहुधा नसते, म्हणून क्लच चिकटूं लागला कीं पहिली ओरड रिव्हर्सच करतो. “त्यानें तुम्हांला काल रात्रींच सांगितलें होतें,” मिस्त्री म्हणाले. माझ्याच्यानें त्यांच्याकडे पाहवलें नाहीं.

बोनेट उघडून त्यांनीं द्रवाचें भांडें दाखविलें. पातळी खालच्या खुणेच्याही खालीं गेली होती. गाडीखालीं सरपटत जाऊन त्यांनीं क्लचच्या नळीचा सांधा बोटानें पुसला. बोट ओलें झालें. डबा उतरवितांना तो सांधा सोडावा लागला होता. परत जोडतांना तो पुरता आवळला गेला नव्हता आणि आंतील हवाही नीट काढलेली नव्हती. द्रव झिरपत गेला, हवा वाढत गेली. मीं घाबरून विचारलें, “हाच द्रव ब्रेकलाही जातो ना?” “जातो. पण तुमच्या गाडींत क्लचची नळी भांड्याच्या वरच्या अंगास लावली आहे, ब्रेकची तळाशीं. द्रव कमी झाला तर आधीं क्लच रुसावा, ब्रेक नव्हे. ज्यानें हें भांडें केलें त्याला कळत होतें, कीं माणूस निष्काळजी असतो.”

सांधा आवळून झाल्यावर हवा काढण्याचें काम सुरू झालें. तें दोघांवांचून होत नाहीं. मी पायटें दाबून धरीं, मिस्त्री खालचा लहान चाकीसारखा स्क्रू सैल करीत. त्याला लावलेल्या पारदर्शक नळींतून द्रव आणि बुडबुडे बाटलींत उतरत. स्क्रू आवळल्याशिवाय पाय उचलावयाचा नाहीं, नाहींतर हवा पुन्हां आंत शिरते. पुतण्या बाटली धरून बुडबुडे मोजीत होता आणि मधून मधून भांड्यांत नवा द्रव ओतीत होता. वीसेक वेळां असें झाल्यावर तो ओरडला, “काका, आतां एकही नाहीं!” पायाखालचें पायटें घट्ट झालें होतें. यंत्र चालू करून मीं रिव्हर्स घातला. टिचकी वाजावी इतकाही आवाज झाला नाहीं.

मिस्त्रींना बरोबर घेऊन पसरणीपर्यंत गेलों. शाहीर साबळे यांचें हें जन्मगांव. तेथून पांचगणीचा घाट सुरू होतो. घाटाच्या पहिल्या दोन वळणांवर मुद्दाम गाडी थांबवून चढावरून ती पुन्हां काढून पाहिली. सर्व ठीक होतें. मजुरी त्यांनीं इतकी थोडी सांगितली, कीं मी जास्त देऊं लागलों. त्यांनीं घेतली नाहीं. मीं पुण्याच्या गॅरेजवाल्यास दोन शब्द बोललों, तेव्हां ते म्हणाले, “त्याची चूक आहेच. पण त्याला चालवून पाहूं दिलेंत का तुम्हीं?”

घाटावर परतलों तेव्हां आरती होऊन गेली होती. आत्याबाईंची ओटी भरून झाली होती. पायऱ्या उतरणें त्यांना शक्य नव्हतें. वरच्या पायरीवर बसून त्या पाण्याकडे पाहत होत्या. शेजारींच ढोल्या गणपतीचें देऊळ. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं तें १७६२ सालीं बांधलें. नदीचा पूर आला तर लोंढा दोहों अंगांस फुटावा, म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. दर्शनास येणारे लोक पुढून येतात, पुढूनच जातात. पण देऊळ अडीचशें वर्षें उभें राहिलें त्याचें श्रेय त्या मागच्या भिंतीस आहे. लहानपणीं ती भिंत आत्याबाईंनींच मला दाखविली होती. त्या दिवशीं मीं ती पुतण्याला दाखविली, आणि त्याला द्रवाच्या भांड्याची आठवण आपोआप झाली.

पांचगणीचें पठार पाहावयाचें असा त्या पोराचा बेत होता. दुरुस्ती झाली होती, चाचणीही झाली होती. तरीही मीं नाहीं म्हटलें. तो हिरमुसला. त्याच्या समाधानासाठीं जवळच मेणवलीस गेलों. नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर जी प्रचंड घंटा टांगली आहे, ती १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकल्यानंतर तिकडून आणलेली, मुळांत एका चर्चची. तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृति आहे. ती पाहून त्याचा रुसवा गेला.

परततांना बोगद्यांतून आलों. एकदांही अडखळलों नाहीं. वाटेंत शिरवळला चहासाठीं थांबलों, तेव्हां मीं दादांना फोन लावला आणि आदल्या रात्रीपासूनचें सगळें सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आत्याची ओटी भरून झाली ना? सावकाश या.”

रात्रीं नऊच्या सुमारास बोळांत गाडी मागें घेतली. दादा माडीवर उभे होते. या वेळीं आवाज झाला नाहीं, आणि त्यांनींही कांहीं विचारलें नाहीं. आत्याबाईंनीं उतरतांना प्रसादाची पुडी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “पुढच्या माघाला जाऊं. पण गाडी आधीं दोन दिवस गांवांत फिरव.”